कोळसा खाणीत छत, पिलर आणि तळ सरकतात तेव्हा: काय थांबवायचं, काय सरकू द्यायचं?

वर्धाकाठ (धागाकर्ता)

कोळसा मंत्रालयानं २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढायचं लक्ष्य ठेवलंय. आज देशाच्या कोळशातला पाच टक्केसुद्धा भूमिगत खाणीतून येत नाही, बाकी सगळा ओपनकास्टचा. म्हणजे येत्या काळात नवी पोरं पुन्हा खाली उतरणार. आणि छत ओळखणारी आमची पिढी एकेक करून निवृत्त होतेय. माझी नोकरी बहुतेक वर्धा खोऱ्यात, जमिनीखालीच गेली. जे कळलं ते लिहून ठेवावं म्हणून हा धागा. खाणीत काम केलेल्यांनी भर घालावी, बाकीच्यांनी बिनधास्त विचारावं.

मुळापासून सुरुवात करतो. खाणीतल्या बोगद्याला आम्ही गॅलरी म्हणतो. रुंदी साधारण ४.२ ते ४.८ मीटर, उंची ३ मीटरच्या आसपास. कोळसा काढला म्हणून वरच्या दगडाचं ओझं नाहीसं होत नाही, ते बाजूच्या पिलरवर, म्हणजे न काढता सोडलेल्या कोळशाच्या खांबांवर जातं. १०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण २५० टन ओझं असतं. ते नव्या वाटेनं जाऊ लागलं की तीन गोष्टी घडतात: छत खाली लवतं, पिलरच्या कडा सुटतात, तळ वर येऊ पाहतो. कुठल्याही खाणीत या तिन्ही गोष्टी थोड्याफार होणारच. हालचाल शून्यावर आणू असं म्हणणाऱ्यानं खाण पाहिलेली नाही. कुठली हालचाल पहिल्या मिलिमीटरला रोखायची आणि कुठलीला वाट द्यायची हे ठरवणं, यातच जमीन आवरण्याचं सगळं काम आलं.

आमच्याकडचं छत थरांचं. वालुकाश्म, शेल, मध्येच बोटभर जाडीचा कोळसा किंवा मातीचा पट्टा. जाड सीममध्ये (कोळशाच्या थरात) बऱ्याचदा वर कोळसाच सोडून त्याचंच छत ठेवतात. असे थर एकमेकांपासून सुटले की प्रत्येकाला आपापलं वजन पेलावं लागतं, आणि पातळ थराला ते झेपत नाही. सुट्या कागदांची चवड दोन्ही टोकांना धरली की मध्ये लवते, तेच कागद शिवून वही केली की ताठ राहते. रूफ बोल्ट, म्हणजे छतात भोक पाडून चिकटवलेली पोलादी सळई, हे शिवणकाम करतो. ते थर सुटायच्या आधी झालं तरच उपयोगाचं. एकदा थर सुटले की बोल्ट फक्त लोंबणारं वजन धरून राहतो.

म्हणून सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे फेसजवळचं, म्हणजे कोळसा कापणं चालू असतं त्या टोकाजवळचं, ताजं उघडलेलं छत. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालय) अपघात विश्लेषणांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं: छत पडून गेलेली बहुतेक माणसं फेसपासून दहा मीटरच्या आत होती. आधार देण्याआधीचा तो तास-दोन तासांचा वेळ जीव घेतो.

आता किती बोल्ट? आपल्याकडे धनबादच्या संशोधकांनी भारतीय कोळसा खाणींसाठीच छताची गुणपद्धत बसवली, सीएमआरआय-आरएमआर. शंभर गुण. थरांच्या जाडीला ३०, भेगा-स्लिपना (गुळगुळीत, निसरड्या फटींना) २५, पाण्या-हवेनं दगड किती झिजतो त्याला २०, दगडाच्या ताकदीला १५ आणि पाझराला १०. ताकदीला फक्त १५, हे नीट बघा. नवख्या माणसाला वाटतं दगड कडक म्हणजे छत चांगलं. कडक पण पातळ थरांचं छत मऊ पण जाड थराच्या छतापेक्षा वाईट वागतं.

गुण आले की छताचा भार काढायचं सूत्र आहे: रुंदी × घनता × (१.७ − ०.०३७ × गुण + ०.०००२ × गुणांचा वर्ग). गॅलरी ४.८ मीटर, घनता २.२, गुण ४५ धरले तर दर चौरस मीटरला साधारण ४.६ टन येतात. १.२ मीटर अंतरानं चौकात बोल्ट मारले, आणि प्रत्येक बोल्ट पुल टेस्टमध्ये (ओढून घेतलेल्या चाचणीत) १० टनांना टिकला, तर आधार होतो ६.९ टन. म्हणजे दीडपट. गुण ३५ झाले की भार ६.९ टनांच्या जवळ जातो आणि तोच नकाशा काठावर येतो. त्याच गॅलरीत पुढे पन्नास मीटरवर स्लिप लागली, पाणी ठिबकू लागलं, की गुण दहानं सहज उतरतात. आणि सपोर्ट प्लॅन मात्र कार्यालयाच्या भिंतीवर तोच टांगलेला असतो.

चौफुलीचं सूत्रच वेगळं आहे. ४.८ मीटरच्या दोन गॅलऱ्या जिथे छेदतात तिथे कर्ण ६.८ मीटरचा होतो. वरच्याच आकड्यांत चौफुलीचा भार ५.३ टन येतो. तरी कित्येक ठिकाणी गॅलरीचाच नकाशा चौफुलीत पुढे ओढलेला मी पाहिला आहे. तिथे जादा बोल्ट, लांब केबल बोल्ट, जाळी, जे परवडेल ते लावा, पण काहीतरी वेगळं लावा.

आणि हे सगळं गणित भोकाच्या मापावर उभं आहे. २२ मिलिमीटरच्या बोल्टला २७-२८ चं भोक हवं, म्हणजे चहूबाजूंनी तीनेक मिलिमीटर रेझिन (बोल्ट चिकटवणारा डिंक) राहतं. बिट ३२ ची लागली तर पाच मिलिमीटर होतं. रेझिन नीट मिसळत नाही, कॅप्सूलचं प्लास्टिक न फाटता बोल्टभोवती गुंडाळलं जातं, आणि वरून प्लेट-नट चकचकीत दिसते. सिमेंट कॅप्सूल असेल तर पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे येतात, ते थांबले की लगेच काढायची. आधी काढली तर आत कोरडी पूड राहते, विसरून राहिली तर लगदा होतो. भोकातून पाणी गळत असेल तर सिमेंटच्या नादी लागू नये, रेझिनच मागावं. हे कुणी बघायचं? शिफ्टच्या सरदारानं, म्हणजे खाली माणसं आणि सुरक्षा बघणाऱ्या मुकादमानं. त्याच्या हातात ते बघायला वेळ असतो का, हा माझा खरा प्रश्न आहे.

---

बोगदेवाला

अप्रतिम धागा, वाचनखूण साठवली. मी रस्ते-रेल्वेच्या बोगद्यांवर काम करतो, सह्याद्रीचा बेसाल्ट आणि आता हिमालय. आमच्याकडे शिकवतात की आधार फार लवकर आणि फार ताठ देऊ नये. ऑस्ट्रियाचे अभियंते राब्सेविच यांच्या पद्धतीत दगडाला थोडं आत येऊ देतात, म्हणजे तो स्वतःच कमान धरतो आणि आधारावर कमी भार येतो. तुम्ही म्हणताय पहिल्या मिलिमीटरलाच रोखा. दोन्ही बरोबर कसं?

---

वर्धाकाठ

तुमचा प्रश्न नेमक्या गाभ्यावर आहे.

तुमचा बोगदा गोल किंवा नालाकृती, भोवती बऱ्यापैकी सलग खडक. तो चहूबाजूंनी आत येतो आणि आत येता येता कमान धरतो. आमची गॅलरी चौकोनी, वर सपाट थर. सपाट थर आत आला की कमान धरत नाही, शेजारच्या थरापासून सुटतो. सुटल्यावर त्याची स्वतःची ताकद वापरायची संधी गेली. म्हणून दोन-तीनशे मीटरच्या आतल्या, थराच्या छताच्या खाणीत नियम एकच: फेस पुढे गेला की ताबडतोब बोल्ट, पूर्ण लांबीभर ग्राउट (रेझिन किंवा सिमेंटचा भराव).

पण आठशे-हजार मीटर खोलीवर मऊ मडस्टोनमध्ये गेलात की चित्र पालटतं. तिथे ओझं इतकं असतं की गॅलरीभोवतीचा दगडच चेपून वाहायला लागतो. ताठ आधार दिला तर वाकतो, तुटतो. तिथे तुमचंच शास्त्र चालतं. जर्मनांनी १९३२ सालीच सरकत्या जोडाच्या पोलादी कमानी काढल्या, टीएच कमानी म्हणतात त्यांना. कमानीचे तुकडे एकमेकांवर चढवून क्लॅम्पनं आवळलेले असतात. भार मर्यादेपलीकडे गेला की जोड घसरतो, कमान लहान होते, पण मोडत नाही. चीनमध्ये मानचाओ (आडनाव ‘हे’) या संशोधकाच्या गटानं बोल्टमध्येच ही युक्ती आणली: ठरावीक जोर झाला की बोल्ट लांबत जातो आणि लांबताना जोर धरूनच ठेवतो.

म्हणजे एकीकडे थर सुटू द्यायचे नाहीत, दुसरीकडे दगडाला सरकायला माप आखून द्यायचं. आपण कुठल्या जमिनीत आहोत हे ओळखायच्या आधीच सपोर्टचा खर्च मंजूर होतो, तिथे घोळ होतो.

---

लॅम्परूम

मी आजही खाली जातो, सरदार आहे. खाणीचं नाव घेत नाही. भाऊ, बोल्टचं तुम्ही खरं लिहिलं, पण लाकडाबद्दल काहीच नाही लिहिलं.

बोल्ट गुपचूप राहतो. लाकडाचा टेकू सांगतो. आधी बारीक करकर करतो, मग सालीला चीर जाते, मग वरची फळी चेपते. जुने लोक टेकूवर कान ठेवून निर्णय घ्यायचे. मी नवीन असताना आमचा म्हातारा सरदार एकदा डिपिलरिंगमध्ये (मागे ठेवलेले पिलर काढताना) नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "हटा इथून, छत बोलून राहिलं." आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. आम्ही हटलो. अर्ध्या तासानं गोफ, म्हणजे कोळसा काढून मागे राहिलेली पोकळी, बसला.

आणि ठोकून बघायचं कुणी आता शिकवत नाही. सळई छताला मारायची ती एका हातानं, दुसऱ्या हाताची बोटं शेजारी छताला टेकवून ठेवायची. घट्ट छत टणटण वाजतं आणि बोटाला काही कळत नाही. सुटलेलं छत भद्द वाजतं आणि बोटाला थरथर लागते. कधी आवाज फसवतो, जाड तुकडा सुटला असला तर टणटणच वाजतो, पण बोटाची थरथर सहसा फसवत नाही. ड्रिलचा, पंख्याचा गोंगाट असला तर हात हेच खरं.

वेळेचं विचारलं तुम्ही. शिफ्टमध्ये चार फेस, गॅस बघायचा, ब्लास्टिंग बघायचं, माणसांची हजेरी, रिपोर्ट. प्रत्येक भोकाची बिट मोजायला थांबलो तर वरून विचारतात टब किती भरले. खरं सांगतो, वेळ नसतो.

---

इलावारा

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, सिडनीच्या दक्षिणेच्या कोळसा पट्ट्यात भूतंत्र (जिओटेक्निकल) विभागात आहे. लॅम्परूम, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. टेकू बोलतो हे शंभर टक्के खरं. फक्त त्यावरून बोल्ट सोडून परत लाकडावर जायचा निष्कर्ष काढू नये असं मला वाटतं. लाकूड थर सुटल्यानंतर काम सुरू करतं. ते इशारा देतं, पण तो उशिराचा असतो. बोल्ट थर सुटूच देत नाही. राहिला प्रश्न इशाऱ्याचा, तर बोल्टच्या छताला वेगळी जीभ द्यावी लागते. ती आहे टेल-टेल, छत किती सरकलं ते दाखवणारं साधन.

याची गरज एका अपघातानं दाखवली. ब्रिटननं १९८० च्या दशकाच्या शेवटी पोलादी कमानी सोडून आमच्याकडचं बोल्टिंग घेतलं. १८ ऑगस्ट १९९३ ला नॉटिंगहॅमशायरच्या बिल्स्थॉर्प खाणीत बोल्टवर धरलेला रस्ता कोसळला, तिघे गेले. बोल्टिंगविरुद्ध मोठा गदारोळ झाला. बोल्टची मूळ अडचण अशी की थर बोल्टच्या टोकाच्या वरून सुटला तर शिवलेली सगळी जाडी एका तुकड्यात खाली येते. खालून बघणाऱ्याला छत शेवटपर्यंत सपाट, स्वच्छ दिसतं.

म्हणून दुहेरी टेल-टेल लावतात. छतात एक लांब भोक. एक नांगर (अँकर) बोल्टच्या टोकाच्या जरा खाली, दुसरा त्याच्या बराच वर. दोन्हींच्या तारा भोकाच्या तोंडाशी हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या नळ्यांना. खालची नळी सरकली तर बोल्टच्या उंचीत काहीतरी सुटतंय: बोल्ट कमी आहेत किंवा ग्राउट खराब आहे. वरची सरकली तर बोल्ट ठीक असतील, पण लांबी अपुरी आहे: केबल बोल्ट हवेत. एका नजरेत आजार आणि औषध दोन्ही कळतं, आणि वाचायला इंजिनीअर लागत नाही.

आणखी एक मुद्दा धाग्यात आलेला नाही, आडवा ताण. आमच्याकडे जमिनीतला आडवा दाब उभ्या दाबाच्या दीड-दोन पट असतो आणि त्याला दिशा असते. त्या दिशेला समांतर काढलेली गॅलरी शांत राहते. आडवी काढली की छताच्या एका कोपऱ्यात लांबच लांब चर फाटत जातो, आणि तो थांबवायला दुप्पट पोलाद लागतं. म्हणून लॉन्गवॉलचे (कोळशाची लांब भिंत सलग कापत जायच्या पद्धतीचे) रस्ते कुठल्या दिशेला जाणार हे आम्ही नकाशावर पहिली रेघ ओढतानाच ताण मोजून ठरवतो. हा सगळ्यात स्वस्त सपोर्ट आहे.

---

वर्धाकाठ

इलावारा, दिशेचा मुद्दा अगदी योग्य. आपल्याकडे उथळ खाणींत सीमचा उतार आणि पट्ट्याची (लीजची) हद्द बघून गॅलऱ्या आखायची सवय पडली, आणि उथळात ते निभावलं. आता खोल जाताना तीच सवय महागात पडेल. एकाच दिशेच्या गॅलऱ्यांत छत सारखं बिघडतंय आणि काटकोनातल्या गॅलऱ्या ठणठणीत आहेत असं दिसलं की लगेच आडव्या ताणाचा संशय घ्यावा. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत, पडझडीचा नकाशा रंगवून बघितला तरी पुरे.

एक सावधगिरी. टेल-टेलचे परदेशी रंगपट्टे जसेच्या तसे घेऊ नका. ब्रिटनमध्ये हिरवा पट्टा २५ मिलिमीटरपर्यंत असायचा. आपल्या ठिसूळ वालुकाश्माचं छत त्याच्या कितीतरी आधी, पाच-सात मिलिमीटरवर खाली येऊ शकतं. पट्टे त्या खाणीच्या छताचं वागणं मोजून ठरवायचे. आणि एकूण किती सरकलं यापेक्षा रोज किती सरकतंय हे बघायचं. चार मिलिमीटर होऊन महिनाभर स्थिर असलेलं छत मला चालेल. दोनच मिलिमीटर, पण काल अर्धा आणि आज दीड, तिथून माणसं काढा.

लॅम्परूम, तुमच्या वेळेच्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. २०१७ च्या कोल माइन्स रेग्युलेशनमध्ये सपोर्ट आणि छताच्या मोजमापाची योजना करणं बंधनकारक आहे. कागद आहे. पण मोजणारा माणूस उत्पादनाच्या माणसापासून वेगळा असल्याशिवाय ती योजना कागदावरच राहते. मोजणारी वेगळी टीम हवी, आणि फेस थांबवायचा तिचा अधिकार कुणी फोन करून मोडू शकणार नाही असा हवा. हे मी नोकरीत असतानाही बोललो, आताही बोलतो.

---

घुग्घुसकर

आम्ही खाणीत काम करत नाही, खाणीवर राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या (चंद्रपूर जिल्हा) आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरचे लोक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. आजूबाजूची कुटुंबं हलवली. खाली जुनी भूमिगत खाण होती असं तेव्हा सांगितलं गेलं. खाणी बंद होऊन वर्षं लोटल्यावर जमीन का बसते? आणि आपल्या घराखाली काय आहे हे सामान्य माणसाला कळणार कसं?

---

वर्धाकाठ

तुमच्या प्रश्नासाठी तर हा धागा काढल्याचं सार्थक झालं. त्या एका जागेचा अहवाल माझ्या हातात नाही, त्यामुळे अशा घटना सर्वसाधारणपणे कशा घडतात तेवढंच लिहितो.

जुन्या उथळ खाणींत जमीन दोन तऱ्हांनी बसते. पहिली: एखाद्या चौफुलीचं छत हळूहळू वर वर पडत जातं. पडलेला दगड फुगून पोकळी भरतो, म्हणून खोल खाणीत ही पडझड वाटेतच थांबते. पण वर पंधरा-वीस मीटरच दगड असला तर पोकळी भरायच्या आत भूपृष्ठ गाठलं जातं. त्यात पावसाळ्यात वरची काळी माती भिजून जड होते, पाणी भेगांतून माती खाली वाहून नेतं, आणि एका रात्रीत खड्डा पडतो. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि भर पावसात होतं, ते यामुळे.

दुसरी तऱ्हा जास्त भयंकर: पिलरच कोसळतात. २१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेच्या कोलब्रूक खाणीत ४३५ माणसं गेली. पिलर बारीक ठेवले होते, वर पुन्हा छताचा कोळसा काढून गॅलऱ्या उंच केल्या होत्या. एक पिलर गेला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर, तो गेला की पुढच्यावर, असे शेकडो पिलर काही मिनिटांत बसले. तीन आठवडे आधी त्याच खाणीत छोटी पडझड झाली होती, तरी काम चालू ठेवलं. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी तिथल्या १२५ जागा तपासल्या, ९८ टिकलेल्या आणि २७ कोसळलेल्या, आणि १९६७ मध्ये पिलरच्या ताकदीचं सूत्र दिलं. त्या सूत्राप्रमाणे पिलरची उंची ३ मीटरवरून ६ केली की ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. रुंदी तीच, पिलर डोळ्याला तेवढाच जाड, तरी.

आपल्याकडे पिलरचं माप कायद्यानं ठरवलेलं आहे. ४.८ मीटरच्या गॅलरीला ६० मीटर खोलीपर्यंत पिलर केंद्रापासून केंद्रापर्यंत १९.५ मीटर, ३६० च्या खाली ४८ मीटर. पहिल्यात ४३ टक्के कोळसा निघतो, दुसऱ्यात १९. म्हणून खोल खाणीत मालकाला पिलर छाटायचा मोह होतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणींचे नकाशे आणि प्रत्यक्ष पिलर जुळतातच असं नाही, हे आम्ही जुन्या कामांत शिरताना नेहमी गृहीत धरायचो.

इलाज आहे. पोकळीत पाण्याबरोबर रेती भरायची, स्टोइंग म्हणतात. छत पाडून काम केलं तर जमीन सीमच्या जाडीच्या निम्म्याहून जास्तसुद्धा बसू शकते, रेती नीट भरली तर सुमारे ५ टक्के. नदीतल्या रेतीवर आता निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख डोंगरासारखी पडून आहे, आणि राख भरण्याचं तंत्र उपलब्ध आहे. वस्तीखालच्या जुन्या गॅलऱ्या आधी भरल्या पाहिजेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला: बंद खाणींचे नकाशे जतन करावे लागतात. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेनं खाण कंपनीकडे लेखी मागावेत, घरोघरी मागण्यापेक्षा त्याचं वजन पडतं. भिंतीत नवी तिरपी भेग, दार अचानक अडकणं, अंगणात गोल खळगा, विहिरीचं पाणी एकाएकी उतरणं, यातलं काहीही पावसाळ्यात दिसलं तर वाट बघू नका. आधी बाहेर पडा, मग अर्ज करा.

---

गोदाकाठ

माझं माहेर सिरोंचाकडचं, नवरा सिंगरेणीत, तेलंगणातल्या कोळसा कंपनीत. वर्ध्याचाच कोळसा पट्टा खाली गोदावरी खोऱ्यात उतरतो, त्यामुळे इथलं वाचताना सगळं ओळखीचं वाटलं. मार्च २०२२ ला अड्रियालाच्या लॉन्गवॉल खाणीत पडझड झाली तेव्हा आमच्या कॉलनीत कुणी झोपलं नव्हतं. तिघे गेले, त्यात सुरक्षेचं काम बघणारे अधिकारीही होते. सगळ्यात आधुनिक खाण म्हणून तिचं नाव घ्यायचे. मला एवढंच विचारायचंय: इतकी यंत्रं असूनही आधार द्यायला माणसालाच पुढे का जावं लागतं?

---

इलावारा

ताई, तुमचा प्रश्न आम्हालाही रोज पडतो. लॉन्गवॉलच्या फेसवर हायड्रॉलिक सपोर्ट स्वतः पुढे सरकतात, तिथे माणूस पोलादाच्या छपराखाली असतो. पण फेसकडे जाणारे रस्ते, चौफुल्या, जिथे आधीच बिघडलंय तिथली दुरुस्ती, ही कामं अजून हातानं होतात, आणि अपघात तिथेच जास्त. कंटिन्युअस मायनरवरच (कोळसा कापणाऱ्या यंत्रावरच) बोल्टर बसवलेली यंत्रं आहेत. त्यात माणूस आधार झालेल्या छताखाली उभा राहून पुढचा बोल्ट मारतो. बिघडलेल्या जागी मात्र नियम साधा ठेवावा: ज्याच्या डोक्यावर आधार नाही त्यानं पाऊल टाकायचं नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. चांगल्या जागेतून सुरुवात करून एकेक ओळ बोल्ट मारत पुढे जायचं. वेळ लागतो. लागू द्यावा.

---

शेल_आणि_शाई

नागपूरला मायनिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तळ फुगण्याचा विषय घ्यायचा विचार आहे, पण सर म्हणतात आपल्या उथळ खाणींत त्याला महत्त्व नाही. खरंय का? आणि पावसाळ्यात छत जास्त पडतं म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

---

वर्धाकाठ

सर खोलीबद्दल बरोबर आहेत, मातीबद्दल मात्र मी थोडं वेगळं म्हणेन. खोल खाणीत तळ दाबानं फुगतो. चीनच्या, आणि २०१८ मध्ये बंद होईपर्यंत जर्मनीच्या, खोल खाणींत रूळ वर उचलले जातात, तळ खणून काढावा लागतो आणि तो पुन्हा फुगतो. तिथे छत आणि बाजू बोल्टनं आवळल्या की जमिनीला मोकळी जागा एकच उरते, तळाची. म्हणून तळाला उलटी कमान, तळात बोल्ट, ग्राउट असे उपाय करतात.

आपल्याकडे तळ पाण्यानं बिघडतो. सीमखाली मातीचा थर असेल आणि गटार नसेल तर माती भिजून मऊ होते. मग पिलर आपल्याच ओझ्यानं तिच्यात रुततो, आणि गॅलरीत तळ वर येतो. यात छताचाही आधार जातो, कारण पिलर रुतला की छताचा एक कोपरा खाली ओढला जातो. छताला बोल्टवर बोल्ट मारत राहतात आणि कारण पायाखाली असतं. इथे पहिला उपाय गटार आणि पंप. कामठी वालुकाश्मात पाणी भरपूर, त्यामुळे वर्धा खोऱ्यात हा विषय बिनमहत्त्वाचा अजिबात नाही. शेलच्या तळाचे, छताचे तुकडे आणून पाण्यात किती विरघळतात हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच मोजता येईल.

पावसाळ्याचंही तथ्य आहे. बाहेरची दमट हवा पंख्यानं आत ओढली जाते, शेलचं छत ती ओल पितं आणि पापुद्रे सुटू लागतात. हवा आत येण्याच्या रस्त्यांवर हे जास्त दिसतं. तिथे बोल्टबरोबर जाळी लावावी किंवा छतावर सिमेंटचा लेप मारून हवेचा संपर्क तोडावा.

---

लॅम्परूम

बरोबर. आमच्या इनटेकच्या रस्त्यात जुलै-ऑगस्टला पापुद्रे पडतात, रिटर्नमध्ये (हवा बाहेर जाते त्या रस्त्यात) तेवढं नाही. दर वर्षीचं आहे.

पोरा, प्रोजेक्टला येशील तर एक सांगतो. टेल-टेल मोकळ्या गॅलरीत लावून फोटो काढतात, तसं करू नको. चौफुलीच्या मधोमध लाव, आणि फेस पुढे जायच्या आत लाव. उशिरा लावला तर सुरुवातीचं जे सरकायचं ते सरकून गेलेलं असतं आणि तुझा आलेख खोटा शांत दिसतो.

---

शेल_आणि_शाई

खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे विषय नक्की केला: मातीच्या तळाचा आणि पाण्याचा परिणाम, चौफुलीवरच्या टेल-टेलसकट. मापं रोज घेऊ की शिफ्टला? आणि सोबत काय नोंदवू?

---

वर्धाकाठ

फेस तीस मीटर पुढे जाईपर्यंत दर शिफ्टला, मग रोज, मग स्थिर झालं की आठवड्याला. प्रत्येक मापाबरोबर फेसचं अंतर, त्या दिवशी ब्लास्टिंग झालं का, गटारात पाणी किती, आणि सरदारानं छताबद्दल काय शेरा दिला ते लिहायचं. तळासाठी छतात एक आणि तळात एक खुंटी ठोकून मधलं अंतर सरकत्या दांडीनं मोज. पण त्यातून छत उतरलं की तळ चढला हे कळत नाही, म्हणून टेल-टेलचं माप त्यातून वजा कर. खाणीत जायची परवानगी विभागप्रमुखांच्या पत्रानं माग, सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण कर, आणि आधार नसलेल्या छताखाली मापासाठीसुद्धा जाऊ नकोस. पहिल्या महिन्याचे आकडे आले की इथेच टाक, इलावारा आणि मी मिळून आलेख बघू.